भाड्याचं घर आणि रात्री वाजणारं हीटिंग : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

ऑक्टोबर उजाडला की परदेशातल्या आपल्या व्हॉट्सॅप गटांवर दोन प्रश्न हमखास येतात. भारतातून कोणी येतंय का, भाजणी आणायची आहे. आणि तुमच्याकडे पण खोली तापवणारा रेडिएटर वाजतो का? पहिल्याला लगेच उत्तर मिळतं. दुसऱ्यावर सगळे 'हो ना, वैताग आहे' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो.

स्वतःचं घर असेल तर माणूस प्लंबर बोलावून मोकळा होतो. भाडेकरूची गोची अशी की यंत्र तळघरात, किल्ली दुसऱ्याकडे आणि झोपेचं खोबरं आपलं. तेव्हा आवाज कसला होता, कशामुळे येत होता, कोणाला सांगितलं आणि थांबला का, ते सविस्तर लिहा. कंपनीची किंवा मालकाची नावं नकोत. आणि 'इअरप्लग लावा' हा सल्ला देऊन झालाय असं समजा.

बिडाचा तवा (क्वीन्स, न्यूयॉर्क)

मीच नारळ फोडते. जॅक्सन हाइट्समधली विटांची जुनी इमारत, तळघरात बॉयलर, खोल्याखोल्यांत बिडाचे रेडिएटर आणि प्रत्येकाला एकच पाइप. वाफ वर येते त्याच पाइपातून आणि तिचं पाणी झालं की ते खाली जातं तेही त्याच पाइपातून. सगळी गोम इथे आहे. रेडिएटर व्हॉल्वच्या बाजूला किंचित उतरता असावा लागतो. लाकडी जमीन वर्षानुवर्षं दबत जाते, उतार उलटा होतो आणि पाणी लांबच्या टोकाला तुंबून राहतं. पहाटे बॉयलर सुरू झाला की सुसाट येणारी वाफ ते पाणी उचलून बिडावर आदळते. ठण्ण. ठणठणठण. ठण्ण. सासूबाई आल्या होत्या, त्या पहिल्याच पहाटे उठून दार उघडायला गेल्या. कोणीतरी बाहेरून ठोकतंय अशीच त्यांची खात्री होती.

सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, म्हणाला, 'वाफेचं हीटिंग असंच असतं.' ते काही खरं नाही. वाफेच्या हीटिंगला थोडी फुसफुस माफ आहे, ठणठण नाही. मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि कोणत्या खोलीत, किती वाजता, हे लिहून व्यवस्थापनाला ईमेल टाकला, प्रत सुपरला. मग तो पाणसळ घेऊन आला. रेडिएटरवर ठेवली तर बुडबुडा सरळ व्हॉल्वच्या बाजूला पळाला, म्हणजे उंची नको त्या टोकाला. पहारीने दुसरं टोक उचलून पायांखाली लाकडी पाचरी सरकवल्या. बेडरूम त्या रात्रीपासून शांत. हॉलमध्ये अजून वाजतं, कारण तिथला आवाज रेडिएटरचा नाही, भिंतीतल्या उभ्या पाइपाचा आहे. त्यासाठी भिंत कोण फोडणार?

आणखी एक. एकाच पाइपाच्या रेडिएटरचा व्हॉल्व पूर्ण उघडा तरी ठेवा नाहीतर पूर्ण बंद. खोली भट्टी झाली म्हणून अर्धा फिरवायचा हा इथला सार्वजनिक उपाय आहे आणि निम्मी ठणठण त्यातूनच येते. पाण्याला परत जायला वाटच उरत नाही. बाजूला जो छोटा चंदेरी व्हेंट असतो तो हवा सोडताना फुसफुसतो, पण वाफ पोचली की मिटायला हवा. मिटत नसेल, पाणी थुंकत असेल, तर तो बदलून मागा. स्वस्तातली वस्तू आहे.

कायद्याचं म्हणाल तर न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८ द्यावं लागतं. रात्री १० ते सकाळी ६, बाहेर काहीही असो, किमान ६२. न दिल्यास ३११ या शहराच्या हेल्पलाइनवर तक्रार. पहाटे पाच-साडेपाचलाच एवढा धिंगाणा का, तेही यातूनच कळतं. सहाला ६८ गाठायचं तर बॉयलर आधी पेटवावा लागतो आणि पाइप तेव्हाच सगळ्यात गार असतात. पण हा नियम उबेचा आहे हे लक्षात घ्या. घर ऊबदार आणि आवाज बेसुमार, अशा तक्रारीला फोनवर जरा नीट समजावून सांगावं लागतं.

शिट्टीवाला (श्टुटगार्ट)

ताई, पाणसळीचा किस्सा भारी. आमच्याकडे वाफ नाही, गरम पाणी फिरतं. त्यामुळे ठणठण नाही, पण शीळ. बारीक, सलग, रात्री बाकी सगळं शांत झालं की कानात शिरणारी. शेजाऱ्यांनी रात्री आपापले थर्मोस्टॅट बंद केले की आमची शीळ वाढायची, त्यावरून संशय आला. तळघरातला पंप एकाच दाबाने ढकलत राहतो. बाकीच्यांचे व्हॉल्व बंद, म्हणजे ते सगळं पाणी आमच्या अर्धवट उघड्या व्हॉल्वमधून घुसायला बघतं. सुदैवाने हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला, हे पटलं आणि त्याने पंपाची सेटिंग उतरवली. शीळ गेली. शेवटच्या मजल्यावरच्या आजी मात्र आता रेडिएटर कोमट राहतो म्हणतात. खरा उपाय म्हणजे पूर्ण इमारतीत कोणाला किती पाणी जायचं ते नव्याने बांधून देणं. तो खर्च मालकाचा, म्हणून अजून 'विचाराधीन'.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी: आधी लेखी कळवा, मुदत द्या, मग आवाजाची वही ठेवा. तारीख, सुरू, बंद, कसला आवाज, खोलीत आणखी कोण होतं. जर्मन नागरी कायद्याच्या कलम ५३६ प्रमाणे घरात दोष असेल तर भाडं कमी होतं हे खरं, पण स्वतःच्या मनाने मोठी रक्कम कापू नका. ती जास्त ठरली तर थकबाकीदार तुम्ही, आणि घर सोडायची नोटीसही येऊ शकते. मी भाडं पूर्ण भरलं आणि 'हक्क राखून भरत आहे' असं लेखी कळवलं. भाडेकरू संघाचं सभासदत्व आधीच घ्या, वर्षाची फी एका वकिलाच्या भेटीपेक्षा कमी पडते. डीआयएन ४१०९ या मानकात इमारतीच्या यंत्रणेच्या आवाजाला बेडरूममध्ये ३० डेसिबलची मर्यादा आहे, पण जुन्या इमारतीला सहसा ती बांधली तेव्हाचं मानक लावतात. त्यामुळे तो आकडा घेऊन भांडायला जाण्याआधी इमारतीचं वय बघा.

कोरडी हवा (मॉन्ट्रियल)

विजेचे बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेले लांबट हीटर. टिक, टिक, टिक. पत्रा तापला की पसरतो, निवला की आकसतो. मागे साचलेली धूळ काढली, भिंतीला चिकटलेला पलंग सरकवला, थर्मोस्टॅट सारखा वरखाली करणं सोडलं. बरंच कमी झालं. उरलेल्याची सवय झाली. माझं एवढंच.

धागाकर्ती

@शिट्टीवाला, रेडिएटरमध्ये गुळगुळ येते त्याचं काय? मला दोन मैत्रिणींनी विचारलंय.

शिट्टीवाला

हवा अडकली. चौकोनी चावीने वरचा स्क्रू जरासा सैल करायचा, खाली वाटी धरायची, सूं थांबून पाणी आलं की बंद. पण हे पाण्याच्या रेडिएटरचं. न्यूयॉर्कवाल्यांनी वाफेवर हा प्रयोग करू नये! आणि सगळ्यांनी हवा काढली की यंत्रणेतला दाब उतरतो, म्हणून हाउसमाइस्टरला सांगून करा.

आलं घालून (हॅरो, लंडन)

आमचा बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात, पलीकडे लेकीची खोली. गरम पाणी सोडलं की आतून खदखद, मग घरघर, शेवटी किटलीत उकळी फुटावी तसा आवाज. लंडनचं पाणी जड. आतल्या भागात चुन्याचा थर बसतो, पाणी जागच्या जागी उकळायला लागतं, बुडबुडे फुटतात.

खरी अडचण बॉयलर नव्हता. मालक आपलेच, सांगलीचे. दिवाळीला फराळ घेऊन येणारे. 'अहो वहिनी, मशीन आहे, आवाज करणारच,' असं हसून म्हणायचे आणि मी गप्प बसायचे. इंग्रज मालक असता तर पहिल्याच आठवड्यात ईमेल गेला असता. इथे यांना कागदावर तक्रार पाठवायची म्हणजे संबंध बिघडवायचे असं वाटत राहायचं. शेवटी आमच्या ह्यांनी मार्ग काढला. फोनवर काका-पुतण्या चालू ठेवायचं, पण प्रत्येक फोननंतर एक साधा ईमेल: 'काका, आज बोलल्याप्रमाणे, बॉयलरचा आवाज अजून आहे, इंजिनिअर कधी येईल ते कळवा.' त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही आणि आमच्याकडे नोंद राहिली.

ते दरवर्षीचं गॅस सुरक्षेचं प्रमाणपत्र दाखवायचे. ते हवंच, कायद्याने बंधनकारक आहे, पण त्याचा अर्थ बॉयलरची सर्व्हिसिंग झाली असा होत नाही. हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही १९८५ च्या भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. ते कलम मी ईमेलात कधीच लिहिलं नाही, वेळच आली नाही. गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूस आला, आतला भाग धुऊन काढला, चुना रोखणारं औषध घातलं. खदखद गेली. झाकण मात्र स्वतः उघडू नका, कितीही यूट्यूब बघितलेलं असो.

डक्टचा पत्रा (शिकागोचं उपनगर)

गरम हवेचं हीटिंग. 'ढब्ब' आवाज यायचा, भिंतीतून. डक्टचा, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळीचा, पत्रा हवेच्या दाबाने फुगतो आणि परत बसतो. आमचा फिल्टर काळाकुट्ट झाला होता आणि दोन झरोक्यांपुढे सोफा. दोन्ही सुधारल्यावर कमी झालं.

पण फर्नेस (हवा तापवणारी गॅसची भट्टी) पेटताना 'भप्प' असा दणका येत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. आत गॅस साचून उशिरा पेट घेतो. तिथे वही-बिही ठेवत बसू नका, बंद करून लगेच मालकाला कळवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा. गॅसचा वास येत असेल तर काही बंद-चालू न करता आधी घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा.

गच्चीखालचा (बाणेर, पुणे)

इथे रेडिएटर कुठून असणार, पण मलाही बोलायचंय! वरचा मजला, डोक्यावर गच्ची, गच्चीवर सोसायटीचे सोलर आणि ढगाळ दिवसांसाठी पाणी तापवायचा हीट पंप. टायमर पहाटे तीनचा. घूंऽऽ असा आवाज स्लॅबमधून पलंगात उतरायचा, कानापेक्षा पाठीला जास्त कळायचा. कमिटीचं उत्तर ठरलेलं: भाडेकरूंनी मालकामार्फत यावं. मालक दुबईला.

मी त्यांना आवाजाचं सांगणं सोडलं आणि बिलाचं सांगितलं. हीट पंप हवेतली उष्णता खेचतो, दुपारी हवा गरम असताना तेच पाणी कमी विजेत तापतं, आणि टाकीला इन्सुलेशन आहे, सकाळपर्यंत गरम राहतं. टायमर दुसऱ्याच दिवशी दुपारवर गेला. खाली रबरी पॅड टाका ही मागणी अजून 'पुढच्या मीटिंगला'. रहिवासी भागात रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, ती मी पत्रात घातली होती. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. बिल वाचलं.

बिडाचा तवा

@गच्चीखालचा, हे जमलंय. आमच्या व्यवस्थापनालाही इंधनाच्या खर्चाचं सांगून बघते.

एकोणतिसावा मजला (टोरंटो)

आमच्या डोक्यावर इमारतीची यंत्रखोली. नोव्हेंबरपासून खालच्या पट्टीतली गुणगुण, खिडकीजवळ कमी, पलंगाशी जास्त. फोनच्या ॲपवर आकडा इतका कमी येतो की मॅनेजर म्हणतो, फ्रिजचा असेल. फ्रिज बंद करून दाखवला. तरी येतोय. उद्या त्यांचा माणूस मीटर घेऊन येणार आहे. काय विचारू?

शिट्टीवाला

फोनच्या आकड्यावर जाऊ नका. ॲप बहुतेक 'ए' मोजणीत दाखवतं आणि त्यात खालच्या पट्टीचा आवाज मुद्दाम कमी धरलेला असतो. त्या माणसाला 'सी' मोजणीतही आकडा घ्यायला सांगा; दोन्हींत मोठा फरक आला तर गुणगुण खालच्या पट्टीची आहे. पलंगाच्या उशाशी मोजायला लावा, खोलीच्या मधोमध नको. आणि शक्य असेल तर एकेक पंप बंद करून बघायला सांगा, कोणता ते तिथेच कळेल. दिवसा येणार असेल तर रात्रीची वेळ मागून घ्या.

एकोणतिसावा मजला

दुपारी दोनला येतोय. आत्ताच ईमेल करते, रात्री दहानंतर ये म्हणून.