बॉल पायथन मादीचे खाणे थांबले आहे. अंडी तिच्यापाशी ठेवावीत का?

प्रश्न (न्यू जर्सीहून)
माझ्याकडील बॉल पायथन (अजगराची एक लहान आफ्रिकी जात) मादी सुमारे 1,800 ग्रॅम वजनाची असून, हिवाळ्यात नरासोबत ठेवल्यापासून तिने खाणे जवळपास सोडले आहे. आधी ती पाण्याच्या भांड्याला विळखा घालून थंड बाजूला पडून राहत असे. मग एके दिवशी शरीराचा मधला भाग ठळकपणे फुगला आणि दुसऱ्या दिवशी ओसरला. नुकतीच तिने कात टाकली असून आता ती उबदार जागा सोडत नाही व कधी कधी पोट वर करून पडते. हा आजार तर नाही ना? अंडी झाल्यास ती तिच्यापाशीच ठेवावीत का?

उत्तर 1
हा आजार वाटत नाही. आपण पाहिलेला फुगवटा बहुधा अंडोत्सर्गाचा (अंडाशयातून बीजांडे सुटण्याचा) होता. तो साधारण दिवसभरच दिसतो, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी टाकलेल्या कातीपासून सुमारे महिनाभराने मादी अंडी घालते. म्हणून कातीची तारीख लिहून ठेवावी. खाण्याची सक्ती करू नये. मात्र श्वास घेताना आवाज येत असेल किंवा तोंडाला फेस दिसत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याला त्वरित दाखवावे.

उत्तर 2
माझे मत अंडी आईपाशी ठेवण्याच्या बाजूचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या प्रदेशांत ही मादी कोरड्या ऋतूत उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळात किंवा वारुळात अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्यांभोवती घट्ट वेटोळे घालून बसते. त्या वेटोळ्याचे मोठे काम म्हणजे अंड्यांतील ओलावा राखणे. भारतातील अजगराची मादी स्नायूंना झटके देऊन अंड्यांना ऊब देते, तसे ही करत नाही. त्यामुळे उबेची जबाबदारी पूर्णपणे पाळणाऱ्याची असते, हे कृपया विसरू नये.

उत्तर 3
वरील माहिती योग्य आहे, तरी घरातील पेटीत ऊब आणि दमटपणा दोन महिने स्थिर राखणे अवघड असल्याने मी इन्क्युबेटरच (अंडी उबवण्याची पेटी) सुचवेन. तापमान 31 ते 32 अंश सेल्सिअस ठेवावे, एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी करू नयेत, आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ती उलटणार नाहीत याची काळजी घ्यावी. त्यानंतर मादीची पेटी पूर्ण स्वच्छ करून तिलाही कोमट पाण्याने धुवावे, कारण अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेवरही वेटोळे घालून बसते आणि खाणे लांबते. अंडी घातल्यावर तिचे वजन बरेच घटलेले असेल. ते भरून येईपर्यंत पुढच्या हिवाळ्यात तिला नरासोबत ठेवू नये.