अप्पांच्या हृदयाचा स्नायू ताठ झालाय म्हणतात, पुण्यात कुणाला दाखवावं?

नवीपेठकर:
अप्पा ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली. दिवाळीपासून जिना चढताना दम, संध्याकाळी पायांना सूज. अँजिओग्राफीत नळ्या मोकळ्या. इकोत पंपिंग ५५ टक्के, म्हणजे चांगलंच ना? पण भिंत १७ मिलिमीटर जाड निघाली. इथले सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, अ‍ॅमिलॉइडची शंका आहे, पुण्याला जा. हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढतोय. चांगलं नाव सुचवा. आईचा धीर सुटलाय.

माळावरचा:
माझ्या सासऱ्यांना हेच. नाव व्यक्तिगत निरोपात कळवतो, पण आधी सांगा: हाताला मुंग्या यायच्या का? बीपीची गोळी कमी करावी लागली का?

नवीपेठकर:
अहो, सहा वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे दबलेली नस मोकळी करायचं, ऑपरेशन झालंय! माग चालवून झालं असेल, असंच सगळे धरून चाललो. आणि बीपीची गोळी गेल्या वर्षी सुटली म्हणून घरात पेढे वाटले होते.

माळावरचा:
आमच्याकडेही तसंच. मनगटाची फाईल हाडवाल्यांकडे, छातीची हृदयवाल्यांकडे. दोन्ही एकत्र कुणी बघितल्याच नाहीत.
आम्हाला समजावलं ते असं: यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बनवतं. ते चार तुकड्यांचं असतं. उतारवयात, किंवा जनुकातल्या दोषामुळे, त्याचे तुकडे सुटे होतात, चुकीचे दुमडतात आणि त्यांचे धागे हृदयात साचतात, तेच अ‍ॅमिलॉइड. मनगटातही. त्यामुळे हृदय आकुंचन पावतं, पण सैल होऊन भरून घेत नाही. म्हणून पंपिंग बरं दिसूनही दम लागतो. ईसीजी बघा: भिंत जाड असून रेघा बुटक्या असतील तर शंका वाढते. पण बुटक्या नसल्या म्हणून सुटलात असंही नाही.

लॅबवाली_ताई:
पुण्याला जाण्याआधी एक काम इथंच करा. डॉक्टरांना विचारून फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन या प्रथिनांच्या तपासण्या करून घ्या. नमुना सोलापुरात देता येतो, तपासणी बाहेर होते. अ‍ॅमिलॉइडचा दुसरा प्रकार, एएल, अस्थिमज्जेतल्या पेशींमुळे होतो. तो वेगानं वाढतो आणि त्याला केमोथेरपी लागते, म्हणजे रक्तविकाराचे डॉक्टर. तिथे आठवडे घालवून चालत नाही. हे रिपोर्ट स्वच्छ आले आणि पीवायपी स्कॅनमध्ये (किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो) हृदय बरगड्यांइतकं किंवा जास्त उजळलं, तर बहुतेकदा तपासणीसाठी हृदयाचा तुकडा काढावा लागत नाही. म्हणून हा स्कॅन करणारा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेलंच हॉस्पिटल निवडा.

नवीपेठकर:
औषध आहे का पण?

माळावरचा:
टॅफामिडिस. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. त्या ट्रान्सथायरेटिनचे तुकडे सुटे होऊ देत नाही, त्यामुळे आजार पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. साचलेलं मात्र काढत नाही. महाग आहे, खर्चाचं पहिल्याच भेटीत विचारा. लघवीच्या गोळ्या असतीलच, पण मनानं वाढवू नका, सासरे चक्कर येऊन पडले होते. व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन यांपैकी हृदयाचं एखादं औषध चालू असेल तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. रोज सकाळी वजन लिहा. आणि शेंगाचटणी, लोणचं जपून. मिठानं पाणी धरतं. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण यावरूनच.

नवीपेठकर:
रक्त-लघवी दिली आज, तिकीट मंगळवारचं. अप्पा विचारतात, मनगटाचे जुने कागद कशाला?

लॅबवाली_ताई:
तेच सगळ्यात वर ठेवा.