असईनंतरच्या वेलस्लीच्या पत्रांतले मुक्काम कसे ओळखायचे?

पूर्णाकाठ
असईची लढाई (23 सप्टेंबर 1803) ते शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह (30 डिसेंबर), एवढ्या काळातली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) पत्रं तारखेवार नकाशावर मांडतोय. पत्राच्या डोक्यावर ‘कॅम्प अमुक’ असतं, पण गाव लागत नाही. देवगावचा तह कन्नडच्या देवगाव रंगारीला धरला तर पुढचं-मागचं काहीच जुळेना. कुठं चुकतंय?

गढीवरचा
देवगाव आधी तिथून उचला. 17 डिसेंबरचा भोसल्यांशी झालेला तह वऱ्हाडातला. 15 ला तिथलाच गाविलगड किल्ला पडला. दोन दिवसांत फौज कन्नडला काय उडत येणार? 29 नोव्हेंबरच्या लढाईचं अडगावही अकोला जिल्ह्यातलं. आपल्याकडं अडगावं पैशाला पासरी, म्हणून फसगत होते.

नाव डोळ्यानं नाही, तोंडानं वाचा. इंग्रजी दोन ‘ओ’ म्हणजे ऊ, दोन ‘ई’ म्हणजे ई, शेवटचा ‘एच’ मुका. कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. असईजवळच्या केळणा नदीची ‘कैटना’ झाली, परंड्याचं ‘पेरिंडा’. मग आधीच्या आणि नंतरच्या मुक्कामापासून अंतर मोजा. तोफा, बैल, बाजारबुणगे घेऊन रोजची मजल दहा-पंधरा मैलांची. तुमचं गाव त्याच्या दुप्पट लांब पडलं तर बहुतेक गाव चुकलंय.

भूमकर_८
बहुतेक म्हणालात ते बरं. फेब्रुवारी 1804 मध्ये परंड्याकडच्या लुटारू टोळ्यांवर वेलस्ली धावून गेला, तेव्हा मुक्कामासकट 30 तासांत 60 मैल कापले. त्या पत्रातलं ‘मुंकैसिर’ म्हणजे भूम तालुक्यातलं माणकेश्वर. जड सामान मागं ठेवलं की मजलेचा हिशेब मोडतो.

पूर्णाकाठ
आणि एकाच लढाईबद्दल दोन पत्रांत सूर वेगळा का?

गढीवरचा
पत्र कुणाला आहे ते बघा की! 24 सप्टेंबरचं गव्हर्नर जनरलला, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाला, पण सरकारी. त्यात ‘माय लॉर्ड’ आणि हाताखालच्यांची तारीफ. 1 नोव्हेंबरचं टॉमस मन्रो या कंपनीच्या अधिकाऱ्याला, खाजगी. मन्रोनं शंका काढल्या होत्या, म्हणून दुसरी फौज घेऊन येणाऱ्या कर्नल स्टीव्हन्सनची वाट न बघता हल्ला का केला याचा खुलासा त्यात सापडतो. ‘समोरासमोर दोन गावं, म्हणजे मधे नदीला उतार (पायी ओलांडायची जागा) असणारच’ हा वेलस्लीचा किस्सा मात्र म्हातारपणीच्या गप्पांतला. 24 तारखेच्या नोंदीपुढं तो लावू नका.

गुरवुड या संपादकानं 1834 पासून छापलेल्या वेलस्लीच्या पत्रसंग्रहात काही माणसांची नावं गाळून रेघा मारल्यात. ती जागा अंदाजानं भरू नका. वेलस्लीच्या मुलानं 1858 पासून काढलेल्या पुरवणी खंडांतले पहिले चार भारताचे, ते शेजारी उघडून बसा. तिथंही नाही मिळालं तर मूळ कागद साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत.

भूमकर_८
लढाईचीच पत्रं वेचू नका. बैल, हरभरा, तांदूळ, वंजाऱ्यांचे तांडे यांच्यावरची कंटाळवाणी पत्रं मुक्कामाला जास्त उपयोगी. धान्य कुठल्या घाटानं आणायचं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि घाट काही जागा बदलत नाही.