दाण्यांवर दोन चमचे दुधी: रोजच्या वाटीत ताजं अन्न असावं की नसावं?

टेकडीवाला (कोथरूड)

आमची शेरी नऊ वर्षांची, देशी कुत्री, वजन १४ किलो. पिल्लू असताना पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, 'घरचं काहीही देऊ नका'. आम्ही ते आठ वर्षं काटेकोर पाळलं, फक्त पाकिटातले कोरडे दाणे (कुत्र्यांचं तयार खाणं) दिले. मागच्या पावसाळ्यात मात्र ती वाटीपाशी जायची, हुंगायची आणि परत गादीवर येऊन पडायची. रक्त तपासलं, दात पाहिले, सगळं ठीक. मग मी दाण्यांवर दोन चमचे उकडलेला दुधी आणि अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून घालायला लागलो, वरून थोडं कोमट पाणी. आता कुकरची शिट्टी ऐकली की ती ओट्याखाली येऊन बसते आणि वाटी चाटता चाटता फ्रिजपर्यंत ढकलत नेते. वेताळ टेकडीवर पुन्हा वरपर्यंत चढते.

जन्मभर रोज तेच कोरडे दाणे हे मला आता अन्यायाचं वाटतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २००५ साली स्कॉटिश टेरियर कुत्र्यांचा अभ्यास केला होता. या जातीत मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळतो. आठवड्यातून निदान तीनदा भाज्या खाणाऱ्या कुत्र्यांत तो बराच कमी दिसला, विशेषतः पालेभाज्या आणि गाजर-भोपळ्यासारख्या भाज्या खाणाऱ्यांत. आपण मंडईतून पिशवी भरून आणतो, त्यातला एक तुकडा तिला का नको?

चिमीची आई (धायरी)

कारण तो एक तुकडा राहत नाही. मी अनुभवाने सांगते.

आमची कुत्री चिमी तीन महिन्यांची असताना आम्ही दाणे बंद करून बोनलेस चिकन आणि भात सुरू केला. ताजं, घरचं, रोज सकाळी कुकरला लावलेलं. पोर आवडीने खायची, अंगावर चकाकी होती. पाचव्या महिन्यात ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली. पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकले होते. एक्स-रेमध्ये हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकट दिसत होती. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त असतो. अन्नातून कॅल्शियम मिळेना म्हणून तिच्या शरीराने ते स्वतःच्या हाडांतून काढलं. सहा आठवडे तिला पिंजऱ्यात ठेवावं लागलं. ती वाचली, पण उजवा पाय आजही बाहेर वळलेला आहे. हे मी प्रेमाने केलं होतं, हेच मला अजून सहन होत नाही.

दाण्यांत सगळं मोजून घातलेलं असतं. ते मोजमाप आपण का बिघडवायचं?

पेठेतला जुना (नारायण पेठ)

आमच्या वाड्यात कुत्री आमटी-पोळी आणि दूध-भात खाऊन बारा-चौदा वर्षं जगली. पॅकेट कोणी पाहिलंही नव्हतं. उगाच भीती घालू नये.

शेवटचं वर्ष (पशुवैद्यक शिकते आहे)

काका, वाड्यातली कुत्री दिवसभर मोकळी असायची, अंगणापलीकडे जाऊन काय काय खायची ते कोणी पाहिलं नाही. आणि जी दोन वर्षांत गेली ती आठवणीत राहत नाहीत. आमटी तर नकोच, अगदी कळकळीने सांगते. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात, मांजरांना तर फार थोडाही बाधतो आणि शिजवल्याने तो दोष जात नाही. द्राक्षं-मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. आपल्या आमटीत कांदा, लसूण, चिंच यांतलं काहीतरी असतंच.

चिमीच्या आई, तुमचं दुःख कळतं आणि तुमचा मुद्दा खराच आहे. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली घरगुती श्वान-आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत एखादा तरी आवश्यक घटक कमी होता. पण त्या पाककृती पूर्ण जेवणाच्या होत्या. टेकडीवाले वरून चमचाभर घालण्याबद्दल बोलत आहेत. ढोबळ नियम असा, की वरचं खाणं दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत बसावं. १४ किलोच्या प्रौढ कुत्रीला साधारण ७०० ते ८०० कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्याला ७०-८०. अर्ध्या अंड्याच्या ३५-४०, दुधीच्या नगण्य. शेरीचं गणित जमतं. त्यात पनीरचे चार तुकडे आले की मोडतं. आणि तेवढे दाणे कमी करा, नाहीतर वजन चढेल.

पर्ड्यूच्या अभ्यासाबद्दल मात्र जपून बोला. त्यात संबंध दिसला, भाजीमुळेच कर्करोग टळला असं सिद्ध झालं नाही. शिवाय ती एकच जात होती.

बोक्याचं घर (औंध)

मांजरांचंही कोणीतरी लिहा. आमच्या बोक्याची लघवी अडली होती. मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करायचा, एक थेंब येत नव्हता. बोक्यांमध्ये हे काही तासांत जिवावर बेततं, रात्रीच नेलं म्हणून निभावलं. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के आणि मांजराला तहान मुळात कमी. आता दाणे निम्मे केलेत, बाकी मांजरांचं ओलं खाणं, आणि त्यावर चिकन उकडलेलं बिनमिठाचं पाणी. पण नुसतं घरचं देणार नाही. टॉरिन (मांसातून मिळणारा, मांजराला आवश्यक घटक) कमी पडलं की मांजराचं हृदय ढिलं पडतं, हे १९८७ सालीच सिद्ध झालंय. आणि गाजर-भोपळ्यातून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, त्यासाठी कलेजीसारखं प्राणिज अन्नच लागतं.

टेकडीवाला (कोथरूड)

अभ्यासाबद्दलचं मान्य, मी जरा जास्तच ताणलं. कालपासून वजनकाट्यावर मोजतो आहे: दुधी ३० ग्रॅम, दाणे एक मूठ कमी. दुधी फोडणीआधीच वेगळा काढतो आणि फोड आधी स्वतः चाखतो, कडू दुधी माणसालाही बाधतो. पण 'घरचं काहीही नको' हे मी आता कोणालाच सांगणार नाही. तिची जेवणाची वाट पाहणं परत आलंय, ते माझ्यासाठी मोजमापाइतकंच मोलाचं आहे.

चिमीची आई (धायरी)

शेरीला द्या, तिचं वय झालंय आणि तुम्ही मोजता आहात. वाढत्या पिल्लांबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही. आमच्याच सोसायटीत परवा एकांनी दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय आणि लिफ्टमध्ये मला विचारलं, 'चिकन-भात चालेल ना?' मी चिमीला बोलावलं आणि तिला त्यांच्यासमोर चालायला लावलं.