लाइन येईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही
नळाच्या (पाइपने घरात येणाऱ्या) गॅसबद्दल ‘मुख्य लाइन तालुक्याला आल्याशिवाय गावात गॅस नाही’ असं म्हणतात, ते पूर्ण पटलं नाही. गावातलं पाइपांचं जाळं आधी टाकून ते ट्रकने आणलेल्या सीएनजीवर, म्हणजे मोठ्या दाबाने टाक्यांत भरलेल्या याच नैसर्गिक गॅसवर, चालवता येतं. २०० बारच्या आसपासचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवत घरात जेमतेम २१ मिलिबारने गॅस येतो. मुख्य लाइन आली की तिला जोडायचं. महाग पडतं, पण गाव ताटकळत नाही.

बडोद्यात नळाच्या गॅसची सवय जुनी, म्हणून आग्रहाने सांगते: शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी छिद्राची तोंडं, बदलूनच घ्या. सिलिंडरच्या बारीक जेटवर ज्योत मरतुकडी राहते, भाकरी फुगत नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताशी साठतो. स्वयंपाकघरातला वरचा झरोका उघडा हवाच. घर नवं करताना लोक नेमका तोच बुजवतात.