गॅरेजातल्या स्पोर्ट्स कारला कव्हर हवं की नको?

दारव्हेकर (धागा सुरू करणारा)

मोठा भाऊ परदेशात. त्याची २०१७ ची लाल मस्टँग, ५ लिटरच्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनची, गावी आमच्याकडे असते. बैल विकल्यावर रिकामा झालेला कोठा आम्ही गॅरेज केला: विटांच्या भिंती, वर टिन, खाली सिमेंटचा कोबा, समोर शटर. भाऊ दिवाळीत आणि मे महिन्यात येतो, समृद्धीवर दोन फेऱ्या मारतो आणि परत जातो. बाकी वर्षभर गाडी माझ्या भरवशावर.

दोन वर्षं तिच्यावर तालुक्यातून आणलेलं चांदीच्या रंगाचं प्लास्टिक कव्हर होतं. यंदा सोयाबीन काढून झाल्यावर ते उचललं, मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरला आणि पोटात गोळा आला. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. मागच्या चाकांवरचा फुगीर भाग आहे ना, तिथे तर लांब सरळ रेघा. कव्हरचं इलॅस्टिक ओढताना दर वेळी तिथेच अडतं. ही गाडी ना उन्हात उभी राहिली, ना पावसात. हे सगळं कव्हरनेच केलं.

माझं मत ठाम आहे: चार भिंतींच्या आत कव्हर नको. ऊन नाही, पाऊस नाही, मग ते कशापासून वाचवतं? धुळीपासून म्हणाल, तर धूळ कव्हरखाली जातेच, आणि वरून कापड घासलं की तिचा पॉलिश पेपर होतो.

वरुडचा बागायतदार

दादा, दोष कव्हरचा नाही, धुळकट गाडीवर कव्हर घालण्याचा आहे. माझी दोन सीटची उघड्या टपाची गाडी संत्र्याच्या गोदामाशेजारी चार वर्षं झाकून आहे, टॉर्च मारून बघायला या. मी प्लास्टिक वापरत नाही. रजया शिवणाऱ्याकडून जाड फ्लॅनेलचं कव्हर शिवून घेतलं, मऊ बाजू आत. गाडी धुवायची, पुसायची, दोन-तीन तास उघडी ठेवायची आणि इंजिन पूर्ण थंड झालं की मगच झाकायचं. काढताना ओढायचं नाही. दोन्ही बाजू टपावर आणायच्या आणि पुढून मागे गुंडाळत जायचं, म्हणजे वरची धूळ आतल्या बाजूला लागत नाही. आणि टिनाखाली पारवे बसत नाहीत का तुमच्याकडे? विष्ठा उन्हाळ्यात चार दिवस राहिली तर डाग पॉलिशनेही जात नाही.

पेंटवाला, अमरावती

रोज रंगाचंच काम करतो म्हणून बोलतो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याहून जाड असतो. ओरखडे काढायला पॉलिश मारलं की त्यातलेच काही मायक्रॉन जातात, म्हणून हे काम जन्मात मोजक्याच वेळा करता येतं. आपल्या रस्त्यावरचा मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगड, त्याची कच टोकदार असते. तशी धूळ अंगावर असताना मऊ फ्लॅनेलही चरे पाडणार. मी दारव्हेकरांच्या बाजूने. गाडी नुसती उभी राहू द्या.

पऱ्हाटी

मी त कव्हरच्या पुरा विरोधात हाय भाऊ. ओरखडे राहू द्या, उंदराचं काय? झाकलेली गाडी म्हणजे त्याले अंधार, ऊब आन् वरून छप्पर. माह्या जीपवर दोन महिने कव्हर होतं. बॉनेट उघडलं त बॅटरीजवळ सोयाबीनचा ढीग, कुटाराचं (भुशाचं) घरटं आन् त्यात पिल्लं. हेडलाइटची वायर कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. उघडी गाडी रोज नजरेखाली असते, लेंडी दिसली की लगेच समजते. झाकलेली कोण पाहते?

वरुडचा बागायतदार

पऱ्हाटी भाऊ, जीपशेजारी सोयाबीनची पोती होती की नव्हती? उंदीर पोत्यांसाठी येतो, कव्हरसाठी नाही. पोती दुसरीकडे हलवा.

आणि पेंटवाले दादा, "नुसती उभी राहू द्या" हे शहरात चालेल. खेड्यात लाल स्पोर्ट्स कार नुसती उभी राहत नाही. पाहुणा येतो, शटर उघडायला लावतो, खांद्यावरचा दुपट्टा काढून प्रेमाने बॉनेट पुसतो. कोरडा दुपट्टा, खाली कच. त्या एका हाताने जे होतं ते कव्हर वर्षभरात करत नाही. दारव्हेकर, खरं सांगा, तुमच्या गाडीला कोणी हात लावत नाही?

दारव्हेकर

लावतात. खोटं कशाला बोलू. कव्हर येण्याआधीच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे घेतले आणि गाडी बघायला कोठ्यात शिरली. दारावरच्या धुळीत बोटांनी नावं लिहिली. आम्हीही कौतुकाने हसलो. गाडी धुतली, धूळ गेली, पण तिरप्या उन्हात एका पोराचं नाव अजून वाचता येतं. ते मी कव्हरच्या खात्यात धरलं नव्हतं.

तरी माझी अडचण उरतेच. रोज धुणार कोण? घरी आई-बाबा. भिंत आणि टिन यांच्यामध्ये वीतभर फट आहे, थ्रेशर सुरू झालं की कुटाराची भुकटी तिथूनच आत येते.

चांदा

एक मुद्दा राहिलाच, दमटपणा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जूनच्या मध्यानंतर तीन महिने हवा ओली. कोबा खालून ओल सोडतो, प्लास्टिक कव्हर ती आत कोंडतं. माझ्या मित्राच्या गाडीचं कव्हर पोळ्याला काढलं तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, ब्रेकच्या तबकड्या गंजून भगव्या झालेल्या. म्हणून प्लास्टिकला माझा साफ विरोध, बंद जागेत त्याचं काहीच काम नाही. कापडी कव्हरही पावसाळ्यात मी काढूनच ठेवतो, मग धूळ बसली तरी चालेल. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना लाकडाचे ठोकळे लावा.

वरुडचा बागायतदार

पावसाळ्यात काढायचं हे मला पटत नाही. कापडातून हवा खेळते. माझी गाडी चारही पावसाळे फ्लॅनेलखालीच होती, बुरशी नाही. पण जागा कोरडी हवी, हे खरं.

दारव्हेकर, रोज धुवायचं नाहीच मुळी. भाऊ परत जातो त्या दिवशी एकदा नीट धुवा, झाका, आणि तो येईपर्यंत हात लावू नका. गाडी हलली नाही तर खाली धूळ येणार कुठून? फट आधी बंद करा, बारीक जाळी ठोका, म्हणजे वारा कव्हर फडफडवणार नाही. फडफडणारं कव्हरच घासतं.

पेंटवाला, अमरावती

फट बंद होणार असेल आणि गाडी खरंच सहा महिने हलणार नसेल, तर फ्लॅनेलला माझी ना नाही. पण गावात चालवून आणली आणि तशीच झाकली, असं एकदाही करू नका. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या त्या एका दिवसाच्या आळसाने येतात.

पऱ्हाटी

पोती हलवतो म्या. पण कव्हर नाही म्हणजे नाही.

दारव्हेकर

जाळी या रविवारी ठोकतो. मस्टँगची लांबी ४.७८ मीटर आहे, कापड किती घ्यावं?

वरुडचा बागायतदार

आधी कापड धुऊन वाळवा, फ्लॅनेल आटतं, माझं पहिलं कव्हर वीतभर तोकडं पडलं होतं. लांबीत पुढे-मागे खाली उतरायला दीड मीटर जास्त धरा. आरशांचे खिसे वेगळे शिवा. खाली इलॅस्टिक नको, सुती नाडी घाला, आणि लोखंडी कडी एकही नको.