महाकाय जातीचं पिल्लू घरात वाढवताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आहे, बंड्या. वय सहा महिने, वजन चाळीस किलोच्या घरात. ओट्यावर पाय न टेकता तोंड पोचतं, म्हणून पोळ्यांचा डबा फ्रिजच्या डोक्यावर गेलाय. परवा सोफ्याची उशी फोडून कापूस हॉलभर केला आणि मी दार उघडल्यावर त्याच कापसात उताणा पडून शेपूट आपटत होता. रस्त्यात जो तो म्हणतो, "एवढा घोडा झालाय, पळवा की त्याला!" पण अंगाने घोडा असला तरी हा अजून लेकरू आहे. या जातींची हाडं दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत असतात, तोवर सांधे जपावे लागतात. ज्यांनी असं पिल्लू वाढवलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पुण्याहून
सगळ्यात आधी फरशी बघा. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर यांचे मागचे पाय फाकतात. सतरंजी कुत्र्यासकट घसरते, त्याऐवजी खाली रबर असलेले पट्टे टाका. आमच्या डेनसाठी दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तशी वाटच केली होती. ती बरोबर त्या वाटेनेच चालायची, वळतानासुद्धा पट्टा सोडायची नाही! जिने आणि गाडीतून उड्या पहिलं वर्षभर बंद.

दुसरं, कॅल्शियम. "हाडं मोठी, मग कॅल्शियम जास्त" असं शेजारीपाजारी हमखास सांगतात. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत बजावलं होतं की वरून एक चमचाही द्यायचं नाही. लहान पिल्लाच्या शरीराला जादाचं कॅल्शियम थोपवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या खाण्यात ते मोजून घातलेलं असतं. आणि गुबगुबीत करू नका. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

नाशिकहून
आमचा मास्टिफ खोडकर आणि खादाड. द्राक्षांच्या हंगामात पडवीत क्रेट रचलेले असतात. एका दुपारी पठ्ठ्याने खालचा क्रेट ओढून घड फस्त केले. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नसतो, म्हणून तसाच गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी उलटी करवली, सलाईन लावलं, रक्त तपासलं. वाचला. बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरासुद्धा त्याच्यापासून लांब ठेवा. कांदा आणि चॉकलेटही.

ठाण्याहून
सेंट बर्नार्ड आहे. मूळचा आल्प्समधल्या खिंडीतला कुत्रा, आमच्या दमट हवेत त्याची धाप थांबत नाही. फिरणं उजाडायच्या आत, दुपारी एसी. जीव आहे आमचा त्याच्यावर, तरीही मुंबई-ठाण्यात ही जात कोणी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरहून
बंड्याला बसायला आत्ताच शिकवा. पाहुणा आला की आधी बूड जमिनीला, मगच लाड. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा. आमच्या आजी काठी घेऊन चालतात, प्रेमाने मारलेली उडीही त्यांना आडवं करेल.

शिवाय पोट फुगणं डोक्यात ठेवा. या जातींमध्ये जठर हवेने फुगून पीळ पडतो. पोट तट्ट होतं, कुत्रं ओकाऱ्या काढतं पण बाहेर काही येत नाही, एका जागी ठरत नाही. सकाळची वाट बघायची नाही, तासाभरातही जीव जाऊ शकतो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळात विभागा, जेवणानंतर दंगामस्ती नको. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच विचारून ठेवा.

पुन्हा बंड्याच्या घरून
मनापासून आभार. पट्टे आजच मागवले, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये घेतला. पीळ पडू नये म्हणून जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधतात, ती शस्त्रक्रिया कुणी करून घेतली आहे का? कोणत्या वयात केली आणि नंतर त्याला शांत कसं ठेवलं, तेही लिहा.